नव्या अग्निबाणाचें पहिलें ओझें

नवी आगबोट बांधून झाली म्हणजे उतारू घेण्यापूर्वीं ती समुद्रांत फिरवून आणतात. नव्या पुलावरून आधीं जड गाड्या नेऊन पाहतात. अग्निबाणाच्या बाबतींत ही परीक्षा इतकी सोपी नाहीं. आगबोट धक्क्याला परत येते, पूल जागच्या जागीं राहतो. अग्निबाण मात्र एकदां सुटला कीं संपला, अशीच अनेक वर्षें स्थिति होती. तेव्हां नवा अग्निबाण प्रथमच उडवावयाचा, तर त्याच्या माथ्यावर खराखुरा उपग्रह ठेवावा कीं नुसतें ओझें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

श्रोत्यांपैकीं कोणी विचारील, ओझें तरी कशाला हवें? रिकामाच सोडावा. परंतु रिकामी बैलगाडी आणि भरलेली बैलगाडी एकाच रस्त्यावरून सारख्या चालत नाहींत. अग्निबाणाचा वेग, त्याचे हादरे, तो वळविण्यास लागणारें बळ, हें सर्व माथ्यावरील वजनावर अवलंबून असतें. म्हणून उपग्रहाइतक्याच वजनाचा, धातूचा वा काँक्रीटचा ठोकळा बसवितात, आणि जमल्यास त्यांत हादरे, उष्णता व आवाज मोजणारीं यंत्रेंही ठेवतात. २०१८ च्या फेब्रुवारींत फाल्कन हेवी या अमेरिकन अग्निबाणावर ठोकळ्याऐवजीं मालकाची मोटारगाडी चढविली होती. त्यांत जाहिरातीचा भाग मोठा होता हें खरें. पण ती जळून गेली असती तरी शास्त्राचें कांहीं बुडालें नसतें.

बुडणें म्हणजे काय, तें युरोपानें १९९६ सालीं पाहिलें. ४ जून रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गयानाहून एरियान ५ हा अग्निबाण प्रथमच उडाला. सूर्याकडून येणारा विद्युत्कणांचा वारा पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावर कसा आदळतो, हें पाहण्यासाठीं तयार केलेले क्लस्टर नांवाचे चार उपग्रह त्यावर होते. इंजिन पेटल्यापासून सुमारें ४० सेकंदांत सारें भस्म झालें. दिशा सांभाळणाऱ्या गणकयंत्राची आज्ञावली जुन्या एरियान ४ वरून तशीच उचलली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक. त्याचा आंकडा ठरविलेल्या जागेंत मावला नाहीं, यंत्र बंद पडलें, आणि अग्निबाण भलतीकडे वळला. ते चार उपग्रह पुन्हां बांधावे लागले व २००० सालीं रशियाच्या सोयूझ अग्निबाणांनीं वर गेले. मधल्या काळांत, १९९७ च्या ऑक्टोबरांत, एरियान ५ चें दुसरें उड्डाण झालें. त्यावर यंत्रें बसविलेलीं नकली ओझीं होतीं. अग्निबाण अनपेक्षितपणें स्वतःभोंवतीं फिरूं लागल्यामुळें मुख्य इंजिन लवकर थांबलें आणि तीं ओझीं ठरल्यापेक्षां खालच्या कक्षेंत राहिलीं. हळहळण्याजोगें मात्र कोणाचें कांहीं गेलें नाहीं.

आपल्याकडेही असा एक प्रसंग घडला. ७ ऑगस्ट २०२२ रोजीं श्रीहरिकोट्याहून एस्. एस्. एल्. व्ही. हा लहान अग्निबाण प्रथमच सुटला. त्यावर एक उपग्रह इस्रोचा, आणि दुसरा, आझादीसॅट, देशांतील ७५० शाळकरी मुलींनीं मिळून केलेला होता. दुसरा टप्पा सुटा होतांना बसलेले हिसके वेगमापकांच्या मर्यादेबाहेरचे ठरले. गणकयंत्रानें मापकच बिघडले असें मानून पर्यायी मार्ग धरला. उपग्रह ३५६ किलोमीटर बाय ७६ किलोमीटरच्या कक्षेंत पडले. ७६ किलोमीटरवर उपग्रहाला खालीं ओढण्याइतकी हवा असते, त्यामुळें ते टिकले नाहींत. १० फेब्रुवारी २०२३ रोजीं दुसऱ्या उड्डाणांत मुलींचा नवा उपग्रह सुखरूप पोंचला. लहान, स्वस्त आणि पुन्हां करतां येण्याजोगा उपग्रह धोका सांगून पहिल्या उड्डाणावर ठेवणें मला गैर वाटत नाहीं. क्लस्टरसारखा ठेवणें गैर वाटतें.

आतां या हिशेबांत एक नवी बाब आली आहे. २०१५ च्या डिसेंबरांत फाल्कन ९ चा पहिला टप्पा उपग्रह वर पाठवून जमिनीवर उभा उतरला, आणि २०१७ च्या मार्चांत तसा एक उतरलेला टप्पा पुन्हां उडाला. उतरण्यासाठीं इंधन राखावें लागतें, पाय बसवावे लागतात, व तितका माल कमी न्यावा लागतो. परंतु वरच्या टप्प्यांत वाढलेला एक किलो म्हणजे मालांतून पुरा एक किलो वजा; खालच्या टप्प्यांत वाढलेल्या किलोची किंमत त्याच्या कांहीं अंशानेंच पडते. म्हणूनच परत आणण्याची खटपट खालून सुरू झाली. पैशाच्या बचतीविषयीं पुष्कळ बोललें जातें. मला दुसरा लाभ मोठा वाटतो. पूर्वीं दोषाचा पुरावा समुद्राच्या तळाशीं जाई; आतां इंजिन उघडून कोठें तडा गेला, कोठें काजळी धरली, हें हातानें चाचपून पाहतां येतें.

न्यू ग्लेन या अग्निबाणाची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. त्याच्या पहिल्या उड्डाणावर मंगळाकडे जाणारीं नासाचीं दोन लहान यानें पाठवावयाचीं होतीं. वेळ साधेल अशी खात्री नसल्यानें नासानें २०२४ सालीं तीं काढून घेतलीं. १६ जानेवारी २०२५ रोजीं अग्निबाण उडाला, तो कंपनीचें स्वतःचेंच चांचणीचें उपकरण घेऊन. तें कक्षेंत पोंचलें. पहिला टप्पा मात्र उतरतांना नष्ट झाला. १३ नोव्हेंबर २०२५ रोजीं दुसऱ्या उड्डाणांत तीं दोन्ही यानें निघालीं आणि टप्पाही समुद्रांतील जहाजावर उतरला.

१८ सप्टेंबर २०२४ रोजीं भारत सरकारनें नव्या पिढीच्या अग्निबाणास मंजुरी दिली. पृथ्वीनजीकच्या कक्षेंत ३० टनांपर्यंत भार, पुन्हां वापरतां येणारा पहिला टप्पा, आणि चांचणीचीं तीन उड्डाणें, अशी ती योजना आहे. त्या तिन्हींवर काय ठेवावें, याविषयीं माझा तर्क सांगतों. पहिल्यावर मापकांनीं भरलेला ठोकळा, आणि उरलेल्या जागेंत धोका पत्करणाऱ्या महाविद्यालयांचे चिमुकले उपग्रह. टप्पा उतरविण्याचा प्रयत्न त्याच वेळीं करावा, परंतु त्यासाठीं राखलेल्या इंधनामुळें वरचें काम अडूं देऊं नये. दुसऱ्यावर इस्रोचा एखादा जोड असलेला उपग्रह, म्हणजे गेला तर भाऊ मागें राहील. तिसऱ्यावर खरा माल. आणि पहिला टप्पा तोंवर सुखरूप उतरला असेल, तर तोच धुऊन-पुसून, तपासून या उड्डाणाला जोडावा.