इंदूर ते मुंबई : तासाभराच्या प्रवासाचा हिशेब

मुंबईहून एखाद्या आप्ताच्या प्रकृतीचे वृत्त येते आणि इंदूरच्या घरात लगबग सुरू होते. ‘विमानाने निघालो तर तासाभरात पोहोचू,’ असे कोणीतरी सहज बोलून जाते. तिकडे रुग्णाजवळची माणसे त्या शब्दावर विसंबून दाराकडे डोळे लावून बसतात. म्हणूनच हा ‘तास’ कशाचा असतो, हे स्वस्थ चित्ताने एकदा समजून घेतलेले बरे.

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापर्यंतचे सरळ अंतर सुमारे ५०५ किलोमीटर आहे. सेंधवा, धुळे, नाशिक या मार्गाने मोटारीला त्याहून बरेच अधिक अंतर कापावे लागते. आगगाडी तर उज्जैन, रतलाम, बडोदा असा वळसा घेते. तिचा प्रवास सुमारे ८३० किलोमीटरांचा होतो. २०२४ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरांच्या मनमाड–इंदूर लोहमार्गास मान्यता दिली, ती हाच वळसा टाळण्यासाठी.

आकाशात जेट विमान ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने ५०५ किलोमीटरांस अडतीस मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र सव्वा ते दीड तास दिलेला असतो. यात लबाडी नाही. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतचा सारा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढण आणि उतरण यांत पूर्ण वेग नसतो. शिवाय विमानाला आखून दिलेल्या मार्गानेच जावे लागते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोहोंचा एकाच वेळी स्वतंत्रपणे उपयोग करता येत नाही. गर्दीच्या वेळी मग विमानाला घिरट्या घालाव्या लागतात.

आता घरचा हिशेब पाहा. राजवाड्याच्या परिसरातून विमानतळ अर्धा तास; तेथे नोंदणी व तपासणीसाठी दीड-दोन तास आधी पोहोचणे; उड्डाणाचा सव्वा-दीड तास; मुंबईत सामान हाती येईपर्यंत अर्धा तास; पुढे दादर-गिरगावापर्यंत एक तास. म्हणजे उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत पाच तास सहज होतात.

तरीही आगगाडीच्या रात्रभराच्या प्रवासापेक्षा हा काळ थोडाच. पण वृत्त सायंकाळी आले आणि त्या दिवसाचे शेवटचे विमान निघून गेले असेल, तर दुसऱ्या दिवसाच्या विमानासाठी थांबण्यापूर्वी रात्रीच्या गाडीचीही चौकशी करावी. पुष्कळदा दोन्ही वाटांनी पोहोचण्याच्या वेळेत फारसा फरक उरत नाही.

आणि निरोप देताना ‘तासाभरात येतो’ असे न म्हणता खरी वेळ सांगावी. वाट पाहणाऱ्यांना आपल्यासाठी किती थांबायचे, हे त्यावरूनच ठरवावे लागते.