अरुंद मुलखातील चित्रलेखन

१९८२ च्या एप्रिल महिन्यात इंग्लंडातील सिंक्लेअर कंपनीने स्पेक्ट्रम नावाचा जो घरगुती संगणक विक्रीस काढला, त्याचा पडदा २५६ ठिपके रुंद व १९२ ठिपके उंच होता. आणि १९८७ साली अमेरिकेतील बोर्लंड कंपनीने टर्बो पास्कलच्या चौथ्या आवृत्तीबरोबर, व लवकरच टर्बो सी बरोबरही, चित्रे काढण्याच्या हुकुमांची जी लायब्ररी दिली, तिच्या रचनाकारांच्या नजरेसमोर ६४० ठिपके रुंद, ४८० ठिपके उंच आणि सोळा रंगांचा प्रशस्त पडदा होता. या दोघांची गाठ पडावी असे विधिलिखित नव्हते. तथापि आपल्या देशात या दोन्ही वस्तू थोड्या वर्षांच्या अंतराने जवळजवळ एकाच पिढीच्या हाती आल्या, आणि त्या पिढीतील एखाद्याला, आता हाती फुरसत आल्यावर, मोठ्या पडद्यासाठी रचलेली ती लायब्ररी लहान यंत्रावर नेऊन पाहावी अशी इच्छा झाली, तर तिला केवळ स्मरणरंजन म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. छत्तीसगडातील अभनपुरात बसून या चाळीस वर्षांकडे मागे वळून पाहताना मला तरी असे वाटते की, त्या लायब्ररीने आम्हांला पडद्याविषयी जे कधीच सांगितले नाही, ते तिला या अरुंद मुलखात आणल्यावाचून कळत नाही.

स्पेक्ट्रम आपल्याकडे केवळ विलायतेहून येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानातून आला असे नाही. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने रीतसर परवाना घेऊन, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने तो बाजारात आणला. सरकारी पातळीवर मात्र निवड निराळ्या यंत्राची झाली होती: १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय प्रकल्पाने बीबीसी मायक्रो हा संगणक पत्करला, आणि पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळांत तो पोचला. या बीबीसी यंत्राची एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. त्याचे पडदे अनेक प्रकारचे, कोणी ६४० ठिपक्यांचा तर कोणी १६० चा. पण चित्र काढणाऱ्याने सदैव १२८० गुणिले १०२४ अशा एकाच काल्पनिक मापात बोलावे आणि प्रत्यक्ष ठिपक्यांचा हिशेब यंत्राने स्वतः करावा, अशी तजवीज त्याच्या रॉममध्येच होती. चित्राचा आशय आणि पडद्याची ऐपत यांची फारकत इतक्या स्वच्छपणे करणारे घरगुती यंत्र त्या काळी दुसरे मला माहीत नाही, आणि पुढच्या काळात हा विवेक मागे पडला याची खंत वाटते.

कारण पुढचा काळ टर्बो सी चा होता. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकाने देशभरच्या विद्यार्थ्यांना सी भाषा शिकवली, आणि 'ग्राफिक्स अंडर सी' या त्यांच्याच पुस्तकाने रेषा, वर्तुळे व हलती चित्रे. एकेकाळी मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी असलेल्या, व म्हणून छत्तीसगडातील मराठी कुटुंबांना आजही आपले वाटणाऱ्या नागपुरातून हे शिक्षण निघावे, याचे आम्हां इकडच्या मंडळींना थोडे अप्रूप आहेच. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून मात्र त्या लायब्ररीचे शिक्षण पुष्कळदा पाठांतराच्या पातळीवर उतरले. 'इनिटग्राफ' या हुकुमात सी ड्राइव्हमधील टीसी, त्यातील बीजीआय असा रस्ता लिहावयाचा; तो चुकला की 'ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड' अशी तक्रार पडद्यावर यावयाची; आणि तो का लिहावयाचा हे विचारण्याची प्रथा नव्हती. वस्तुतः त्या ठिकाणी निरनिराळ्या पडद्यांचे ड्रायव्हर ठेवलेले असत आणि लायब्ररी चालू होताना त्यांतील योग्य तो उचलून घेई. म्हणजे पडद्याचे ज्ञान जेथे साठवलेले होते, तो रस्ता तेवढा मुलांना पाठ होता. पुढे नवे विंडोज त्या सोळा-बिटी कार्यक्रमांना थारा देईना, तेव्हा डॉसबॉक्स नावाच्या अनुकरण-यंत्रात टर्बो सी बसवून तोच अभ्यासक्रम चालू ठेवला गेला. जुन्या यंत्राकडे नेण्याचा हाही एक प्रकार म्हणावयाचा, पण त्यात लायब्ररीला काहीच सोडावे लागत नाही, म्हणून शिकण्यासारखेही काही उरत नाही.

स्पेक्ट्रमवर नेताना मात्र पहिल्याच हिशेबाला अडचण येते. ६४० गुणिले ४८० ठिपके, प्रत्येकाला चार बिट, म्हणजे १,५३,६०० बाइट; आणि स्पेक्ट्रमच्या झेड-८० प्रोसेसरच्या आवाक्यातील एकूण मेमरी, रॉम धरून, ६५,५३६ बाइट. रायपूर-धमतरीची अरुंद रुळांची गाडी चालू असताना मोठ्या लाइनीवरून आलेला माल रायपुरास उतरवून लहान डब्यांत भरावा लागे, आणि त्या वेळी कोणता माल कशात बांधून आला होता हे आपोआप उघड होई. तसेच काहीसे येथे घडते. स्पेक्ट्रमचा अख्खा पडदा ६,९१२ बाइटांत बसतो: ६,१४४ बाइट ठिपक्यांचे आणि अवघे ७६८ रंगांचे. या ७६८ मध्ये पुढच्या साऱ्या तंट्यांचे मूळ आहे.

तत्पूर्वी रंगांच्या क्रमांकांविषयी थोडे सांगितले पाहिजे. बोर्लंडच्या यादीत २ म्हणजे हिरवा आणि ४ म्हणजे लाल. स्पेक्ट्रमवर २ म्हणजे लाल आणि ४ म्हणजे हिरवा. त्यामुळे त्यांच्यापासून बनणारे आकाशी व किरमिजी हेही ३ आणि ५ या आपल्या जागांची अदलाबदल करतात. काळा, निळा आणि शेवटचा पांढरा तेवढे ठिकाणी राहतात. हा लहरीपणा नाही. स्पेक्ट्रमचे रंग काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा अशा चढत्या उजेडाच्या क्रमाने मांडलेले आहेत, जेणेकरून कृष्णधवल दूरचित्रवाणी संचावर ते करड्या छटांची नीट पायरी म्हणून दिसावेत. ज्या देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे बहुसंख्य घरांत कृष्णधवल संचच होता, त्या देशाला ही दूरदृष्टी किती उपयोगी पडली असेल हे सांगावयास नको. क्रमांकांचा हा फेरफार आठ नोंदींच्या एका लहानशा तक्त्याने मिटतो. जो मिटत नाही तो ८ क्रमांकाच्या रंगाचा प्रश्न: बोर्लंडच्या यादीत ८ म्हणजे गडद करडा, आणि स्पेक्ट्रमवर त्या जागी येतो 'उजळ काळा', जो निव्वळ काळाच दिसतो. काळ्या भूमीवर गडद करड्या रेषांनी आखलेला आलेख येथे आणला की कार्यक्रम बिनतक्रार चालतो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही.

आता त्या ७६८ बाइटांकडे वळू. पडद्याचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडलेले आहेत, आडवे ३२ व उभे २४, आणि प्रत्येक चौकोनाला एकच बाइट मिळतो: एक शाईचा रंग, एक कागदाचा रंग, आणि दोघांत मिळून एकच उजळपणा. चौकोनातील चौसष्ट ठिपक्यांना यांपैकी एका रंगाची निवड करता येते. तिसरा रंग तेथे दाखल झाला की आधीच्या शाईला आपला रंग सोडावा लागतो. लाल रेषेला हिरवी रेषा छेदून गेली, तर छेदस्थानीच्या चौकोनात लाल रेषेचा तुकडाही हिरवा होतो. बोर्लंडच्या लायब्ररीत 'पुटपिक्सेल' आणि 'गेटपिक्सेल' ही जोडी आहे, आणि तिच्यामागे न लिहिलेला करार असा की, ठिपक्याला जो रंग दिला तोच विचारल्यावर परत मिळेल. स्पेक्ट्रमवर हा करार पाळणे अशक्य आहे, कारण शेजाऱ्याच्या कृत्याने ठिपक्याचा रंग त्याच्या नकळत बदलतो. 'फ्लडफिल' या हुकुमाची तर याहून पंचाईत: अमुक रंगाची सीमा लागेपर्यंत आकृती भरावी अशी त्याची व्याख्या, आणि सीमेचा रंगच जेथे भरवशाचा नाही तेथे तो हुकूम कशाच्या आधारे थांबणार? तेव्हा ठिपका उमटलेला आहे की नाही एवढेच पाहून थांबावयाचे, आणि सीमेचा रंग सांगणारा शब्द हुकुमात केवळ मान राखण्यापुरता ठेवावयाचा. काही जण प्रत्येक रेषेबरोबर चौकोनाचे रंगही बदलतात आणि डागाळलेले चित्र निमूट स्वीकारतात. माझे मत असे की, रेखाचित्रांपुरते तरी रंग बाजूला ठेवून एका शाईत काम करणे अधिक सभ्यपणाचे. जे वचन पाळता येणार नाही ते देऊ नये.

उलट काही हुकूम येथे आयतेच निरुद्योगी होतात. स्पेक्ट्रमला अक्षरांचा वेगळा आणि चित्रांचा वेगळा असा पडदाच नाही, अक्षरेही तो ठिपक्यांनीच काढतो. म्हणून ज्या 'इनिटग्राफ'चा रस्ता पिढ्यांनी पाठ केला, त्याला येथे पडदा पुसण्यापलीकडे काही कामच उरत नाही. रेषेसाठी ब्रेसनहॅम यांची १९६० च्या दशकातील, केवळ बेरीज-वजाबाकीने चालणारी रीत पुरते, आणि गुणाकाराची आज्ञाच नसलेल्या झेड-८० ला तीच मानवते. रॉममधील वर्तुळ मात्र अपूर्णांकांच्या गणितावर चालते आणि त्याची मंदगती प्रसिद्ध आहे, तेव्हा ते पूर्णांकांत नव्याने लिहावे हे उत्तम. सी मधून हे सारे रचण्यासाठी झेड-८८-डीके हा मुक्त कंपायलर आज उपलब्ध आहे, शंभराहून अधिक जुन्या यंत्रांना तो सामावून घेतो, आणि त्याच्या स्वतःच्या चित्रण-फाइलचे नावही बोर्लंडप्रमाणे 'ग्राफिक्स.एच' हेच आहे, यातील हुकूम मात्र निराळे.

ठिपक्याचा पत्ता काढणे हा एक स्वतंत्र अध्याय आहे. पडद्याचे तीन भाग, प्रत्येकात चौसष्ट ओळी, आणि मेमरीत त्या ओळी क्रमाने नव्हे तर आठ-आठ सोडून मांडलेल्या. ज्यांनी कॅसेटवरून खेळ चढवताना चित्र पट्ट्यापट्ट्यांनी भरत गेलेले पाहिले आहे, त्यांना हा क्रम डोळ्यांनी ठाऊक आहे. कारण सरळ आहे: अक्षराच्या एका ओळीवरून खालच्या ओळीवर जाताना पत्त्याच्या वरच्या बाइटात केवळ एक मिळवावा लागतो, म्हणून अक्षरे झपाट्याने उमटतात. रचनाकारांनी अक्षराला अग्रमान दिला आणि त्याची किंमत रेषेकडून वसूल केली.

आणि अक्षरांचा विषय निघाला म्हणजे मराठी माणसाला देवनागरीचा विचार चुकवता येत नाही. संगणकावर भारतीय लिप्यांचे काम आयआयटी कानपूरला मोहन तांबे यांच्या पुढाकाराने झाले व पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्ट कार्डाच्या रूपाने वाढले, आणि १९९१ साली इस्की ही संकेतपद्धती भारतीय मानक ठरली. पण ते सर्व पीसीच्या प्रशस्त जगात. स्पेक्ट्रमचे अक्षर आठ ठिपके उंच, आणि त्यात वरची मात्रा, शिरोरेषा, अक्षराचा देह व खालचा उकार एवढ्या मंडळींची सोय लागत नाही. दोन चौकोनांची उंची घेतली तर पडद्यावर मराठीच्या बारा ओळी बसतात, आणि 'आउटटेक्स्टएक्सवाय' हा हुकूम सोळा ठिपके उंचीच्या साच्याने लिहिता येतो. 'टेक्स्टविड्थ' मात्र हट्टाला पेटतो: बोर्लंडच्या साध्या ठशाची रुंदी तो अक्षरसंख्येला आठांनी गुणून सांगतो, आणि मराठीत जोडाक्षर मिटून लहान होते, वेलांटी मागे सरकते, रफार दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो. तेथे आधी शब्द जुळवून पाहावा लागतो आणि मगच त्याची रुंदी सांगता येते. म्हणजे मोजण्याच्या हुकुमाला लिहिण्याच्या हुकुमाचे निम्मे काम स्वतःच करावे लागते, आणि रॉम वगळता उरणाऱ्या ४८ के मेमरीतील आणखी दोन-तीन के त्यासाठी बाजूला काढून ठेवावे लागतात.