उकडते कोणाला, गारठते कोणाला?



महाडहून म्हाप्रळच्या रस्त्याला लागले की खाडीपट्टा सुरू होतो. त्या पट्ट्यातील तुडील ह्या गावी, एका परिचिताच्या घरी, मी एका वैशाखात मुक्कामाला होतो. रात्रीचे दहा वाजले असतील. वारा पडलेला. घरच्या सूनबाई, वय पन्नाशीच्या जवळपास, पंख्याखाली बसून पदराने वारा घेत होत्या, कपाळावरून घाम निथळत होता. आणि त्याच पंख्यापासून चार हात दूर त्यांच्या सासूबाई अंगावर गोधडी ओढून, "तो पंखा जरा बारीक कर गं," म्हणून कुरकुरत होत्या. घर एक, हवा एक; एकीचा उन्हाळा चालला होता आणि दुसरीचा हिवाळा! घरातल्या मंडळींनी ही गोष्ट थट्टेवारी नेली होती. मी डॉक्टर असल्यामुळे मला थट्टा सुचेना. चौकशी करता कळले की सूनबाईंच्या स्तनाच्या कर्करोगावर दीड वर्षापूर्वी मुंबईस उपचार झाले होते, आणि पाच वर्षे रोज घ्यावयाची गोळी त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी आपल्या मनाने बंद केली होती. कारण? "ती उष्ण पडते." हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आजचा विषय मी निवडला तो त्या रात्रीमुळे. (हे सर्व त्यांच्या संमतीने सांगतो आहे.)

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपण 'उष्णता वाढली' म्हणतो, त्या वेळी थर्मामीटर लावला तर पारा बहुधा ३७ अंशांच्या आसपासच असतो. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, कोकमाचे सरबत ही मंडळी आपल्या ठिकाणी चांगली. पण गरम वाटणे आणि गरम होणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिरची खाल्ली की तोंड पोळते, तापमान मात्र वाढत नाही. कारण सुमारे ४३ अंशांची उष्णता ओळखणारी मज्जातंतूंवरील जी कळ आहे, तीच मिरचीतील द्रव्यानेही दाबली जाते. ह्या शोधासाठी डेव्हिड ज्यूलियस ह्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मेंदूला बातमी पोचते ती कळ दाबल्याची. ती कोणी दाबली हे त्याला कळत नाही.

आता शरीर आपले तापमान कसे राखते ते पाहा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. खाडीपट्ट्यातील लोकांना त्याचे काम समजावून सांगणे सोपे आहे, कारण त्यांनी खारबंदिस्ती पाहिलेली असते. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला बांध, मध्ये शेत. शरीराचे तापमान वरचा बांध ओलांडू लागले की उघाडी उघडते: कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. खालचा बांध ओलांडला की वाहिन्या आवळतात, शहारे येतात, दात वाजतात. दोन बांधांच्या मधल्या पट्टीत तापमान थोडे हलले तरी आपल्याला पत्ता लागत नाही. निरोगी स्त्रीमध्ये ही पट्टी सुमारे ०.४ अंश सेल्सिअसची आढळली आहे. स्त्रीच्या अंडाशयातून येणारा इस्ट्रोजेन हा अंतःस्राव कमी झाला की पट्टी आक्रसते. ज्यांना फार त्रास होतो त्यांच्या बाबतीत तर ती जवळजवळ नाहीशी होते. मग चहाचा एक घोट, स्वयंपाकघरातली वाफ, कोणाचा एक खोचक शब्द एवढ्याने वरचा बांध फुटतो. छाती, मान, चेहरा तापतो, घामाच्या धारा लागतात, दोन-चार मिनिटांत सारे ओसरते आणि घामाने अंग निवल्यामुळे उलट हुडहुडी भरते. सूनबाई मला म्हणाल्या होत्या, "आमच्या सावित्रीकाठी सवला ऊन पाण्याचे झरे आहेत ना, तसला एक माझ्या छातीत फुटलाय." ह्याहून चांगले वर्णन मी पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही.

रक्तातली एखादी रासायनिक आज्ञा अंग थंड किंवा गरम करू शकते ह्यावर कोणाचा विश्वास बसत नसेल, तर त्याने विंचू आठवावा. लाल विंचू चावला की त्याच्या विषाने शरीरात ॲड्रिनॅलिनच्या जातीच्या स्रावांचा पूर लोटतो. भर उन्हात माणूस घामाने चिंब आणि हातपाय बर्फासारखे गार! हृदय थकते, फुप्फुसात पाणी साचते. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर ह्यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून अशा रुग्णांच्या उशाशी बसून हे चित्र बारकाईने टिपले, 'लॅन्सेट' ह्या ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडले आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध वापरून कित्येक जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गार पडलेले हातपाय पुन्हा ऊबदार होऊ लागले की रोगी सुधारतो आहे हे त्यांनी दाखवून दिले. हात लावून कळणारी ही खूण! आमच्या तालुक्याने जगाला दिलेल्या गोष्टींत तिची गणना व्हावी असे मला वाटते. पण ते असो.

तर औषधांकडे वळू. सूनबाईंची गोळी टॅमॉक्सिफेन. काही कर्करोगांना इस्ट्रोजेन हे खत असते; ही गोळी त्याची वाट अडवते, म्हणून रोग परतण्याचा धोका कमी होतो. तीच अडवणूक मेंदूत झाली की उकाडा होतो. म्हणजे उकाडा हा गोळीच्या कामाचा पडसाद आहे. अंगात विष भिनल्याची खूण नव्हे. गोळी थांबवली की उकाडा जाईल, परंतु राखणदारही जाईल. उकाड्यावर व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेन्टिन अशी औषधे आहेत. मात्र मनाच्या विकारांवरील पॅरॉक्सेटिन हे औषध टॅमॉक्सिफेनच्या कामात बिब्बा घालते, म्हणून आपण घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी. २०२३ साली अमेरिकेत फेझोलिनेटंट हे थेट त्या बांधांच्या रखवालदार पेशींवर काम करणारे औषध मान्य झाले. ज्यांना कर्करोग नाही आणि केवळ पाळी जाण्याचा त्रास आहे, त्यांना इस्ट्रोजेनच दिले तर पट्टी पुन्हा रुंदावते. गर्भाशय असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावे लागते. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत सुरुवात केली तर बहुतेकींना त्यात लाभ अधिक व धोका कमी. निर्णय मात्र तपासणीनंतरच.

पुरुषांनी ह्या ठिकाणी हसू नये. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात पुरुषाचा अंतःस्राव बंद पाडतात. चार्ल्स हगिन्स ह्यांनी १९४१ मध्ये हा उपाय दाखवला, १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ही इंजेक्शने घेणाऱ्या बहुतेक पुरुषांना बायकांसारखाच उकाडा येतो, आणि लाजेपायी ते तो बोलत नाहीत.

आणखी एका वर्गाविषयी सभेत कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. जन्मतः पुरुष म्हणून नोंदल्या गेलेल्या, परंतु स्वतःला स्त्री म्हणून ओळखणाऱ्या व्यक्ती इस्ट्रोजेन घेतात. त्यांच्यापैकी अनेक जणी सांगतात की पूर्वी न वाजणारी थंडी आता वाजते. त्यात नवल नाही. स्नायू ही शरीराची शेगडी. ते काहीसे घटतात, घामही कमी होतो. उलट टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचे स्नायू वाढतात, घाम वाढतो, त्यांना पांघरूण नकोसे होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ह्या नागरिकांची ओळख मान्य केली, आणि २०१९ च्या कायद्याने अंतःस्राव-उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. तरीही पुष्कळ जणी दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून मूठमूठ घेतात. थंडी वाजणे निरुपद्रवी आहे. भीती आहे ती रक्तात गुठळी होण्याची. पोटरी सुजली, दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. घरच्यांनी अशा मुलीस दार बंद केलेले असते, म्हणून ती विचारायला कोणाकडे जाणार?

आता गोधडीतल्या सासूबाई. त्यांची अवटु ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, मंदावली होती. तिचा स्राव शेगडीचा भाता आहे: तो कमी पडला तर भर वैशाखात थंडी, गोळी जास्त झाली तर उकाडा, धडधड, हातांना कंप. सासूबाई ती गोळी सकाळी दुधाच्या चहाबरोबर घेत. त्यामुळे ती अंगी पुरेशी लागत नव्हती. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी इतकेच सांगायचे राहून गेले होते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. रोज रात्री घाम, संध्याकाळी बारीक ताप आणि वजनात घट असेल तर गोळीवर खापर न फोडता क्षयाची तपासणी करावी. दुसरे, वाटण्याचा उकाडा आणि खरा उष्मा ह्यांत गल्लत नको. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तर! कोकणच्या दमट हवेत तो नुसताच गळतो. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, खारघरच्या मैदानावर, उन्हात बसलेली माणसे उष्माघाताने दगावली. ज्याचे औषध घामाचे गणित बदलते त्याने दुपारच्या अशा गर्दीत जाऊच नये.

सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला आणि गोळी पुन्हा सुरू केली. उकाड्यावर रात्रीचे एक औषधही मिळाले. पुढल्या खेपेस गेलो तेव्हा दोघी एकाच पंख्याखाली बसून आंबोशी चिरत होत्या. गोधडी दोरीवर वाळत होती. "झरा आटला नाही," सूनबाई म्हणाल्या, "पण आता रात्रीतून एकदाच फुटतो." पंखा किती ठेवायचा ह्यावर मात्र दोघींचे अजून एकमत झालेले नव्हते.