धावपट्टीची साक्ष

मुंबईच्या 27 नंबरच्या धावपट्टीवर विमान सरळ उभं राहिलं की कॅप्टन म्हणतात, 'रनवे टू सेव्हन.' मी आधी बाहेर रंगवलेला आकडा बघतो, मग स्क्रीनवरचं हेडिंग. 270च्या आसपास. 'कन्फर्म्ड.' दोन-तीन सेकंदांचं काम.

गंमत म्हणजे हे हेडिंग चुंबकावरून येत नाही. विमान गेटवर उभं असताना लेझर जायरो पृथ्वीचं फिरणं टिपतात आणि त्यावरून खरी उत्तर दिशा काढतात. त्याला दहाएक मिनिटं लागतात. मध्येच विमान हललं तर पुन्हा पहिल्यापासून. चुंबकीय दिशा नंतर साठवलेल्या तक्त्यावरून मिळते. चुंबक असतं ते काचेजवळच्या छोट्या स्टँडबाय होकायंत्रात, आणि ते वळणात भरकटतं, म्हणून सरळ आल्यावरच वाचायचं. टॅक्सी करताना डावीकडे वळलं की हेडिंगचे आकडे उतरायला हवेत, उजवीकडे चढायला; कृत्रिम क्षितिज जागचं हलता कामा नये.

प्रत्येक उपकरणाला असा बाहेरचा साक्षीदार शोधावा लागतो. अल्टिमीटरला विमानतळाची उंची: दाब 1 हेक्टोपास्कलने चुकीचा लावला तर साधारण 28 फुटांचा फरक दिसतो. हेडिंगला धावपट्टी.

2006मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनला परवानगी होती 22 नंबरची, विमान पहाटेच्या अंधारात वळलं 26वर. ती पट्टी जेमतेम निम्म्या लांबीची, दिवे नसलेली. उपकरणांवर 22चं हेडिंग लावलेलं होतं. चाळीसेक अंशांचा फरक समोर होता. 50पैकी 49 जण गेले. साक्षीदार हजर होता, त्याला कुणी विचारलं नाही. तोंडाने 'कन्फर्म्ड' आधी आणि डोळे मागून, ही सवय मला म्हणूनच धास्तीची वाटते.

पण साक्षीदारही कधी अपुरा पडतो. 2000मध्ये तैपेईला वादळी पावसात विमान शेजारच्या, कामासाठी बंद असलेल्या समांतर पट्टीवरून धावलं. 83 जण गेले. समांतर पट्टीवर हेडिंग बरोबरच दिसणार! तिथे लोकलायझरचा, म्हणजे धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा रेडिओ संकेत मध्यावर आहे का, हेच बघायला हवं.

वेगाच्या आकड्याला तर उभ्या विमानात साक्षीदारच नाही. वेग मोजणाऱ्या पिटो नळीत किडा शिरला असला तरी ते धावतानाच कळणार. कॅप्टन टेकऑफ करत असले की 100 नॉट्सना मी हाक देतो, ते स्वतःचा आकडा बघून 'चेक्ड' म्हणतात. दोन्ही जुळले नाहीत, तर थांबण्यापुरती पट्टी तेव्हा अजून पुढे असते.