स्त्री-निरोध : स्त्रीच्या हाती असलेले संततिनियमनाचे साधन

संततिनियमन हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक समाजाचा रोष पत्करून चालविले. त्या काळाच्या मानाने आज साधने पुष्कळ आहेत. तरीही त्यांचा भार अजून मुख्यतः स्त्रीच वाहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी शस्त्रक्रिया करून घेतली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के, तर निरोधाच्या वापराचे ९.५ टक्के होते.

या आकड्यांमागे एक व्यथा दडलेली आहे. दोन अपत्यांत अंतर हवे असते, परंतु पती निरोध वापरण्यास तयार नसतो. गोळ्या मानवत नाहीत, तांबीची भीती वाटते. मग नको असलेले गर्भारपण, गर्भपात किंवा अल्पवयातच कायमची शस्त्रक्रिया एवढेच मार्ग तिच्यापुढे उरतात. अशा स्त्रीला उपयोगी पडू शकणाऱ्या, पण फारशी माहिती नसलेल्या एका साधनाचा परिचय येथे करून देत आहोत. ते साधन म्हणजे स्त्री-निरोध, अर्थात फिमेल कंडोम.

साधनाचे स्वरूप

स्त्री-निरोध ही पातळ, मऊ आणि एका बाजूने बंद असलेली सुमारे १७ सेंटिमीटर लांबीची पिशवी असते. बंद टोकाशी असलेले लवचीक कडे योनिमार्गात आत, गर्भाशयमुखाजवळ बसते. उघड्या टोकाचे मोठे कडे शरीराबाहेर राहते. वीर्य पिशवीतच अडते व गर्भाशयापर्यंत पोहोचत नाही.

डेन्मार्कमधील डॉ. लासे हेसेल यांनी हे साधन विकसित केले आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. पहिला प्रकार पॉलियुरेथेनचा होता. त्यानंतर आलेल्या नायट्राइलच्या प्रकारास त्याच प्रशासनाने २००९ मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्राचाही या साधनाशी निकटचा संबंध आहे. नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळील औद्योगिक वसाहतीत ‘क्युपिड’ या कंपनीचा स्त्री-निरोध तयार होतो. तो नैसर्गिक रबराचा असून त्यात आतील कड्याऐवजी स्पंज असतो. आंतरराष्ट्रीय खरेदीसाठी आवश्यक असलेली पूर्वपात्रता त्यास २०१२ मध्ये मिळाली.

वापरण्याची पद्धत

वेष्टनावरील अंतिम तारीख पाहावी. हात धुऊन वेष्टन बोटांनीच उघडावे, कात्री किंवा दात लावू नयेत. उकिडवे बसून, एक पाय स्टुलावर ठेवून किंवा उताणे झोपून, जसे सोयीचे वाटेल तसे बसवावे. आतील कडे अंगठा व बोटांमध्ये दाबून अरुंद करावे आणि योनिमार्गात सरकवावे. मग तर्जनी पिशवीत घालून ते जाईल तेवढे आत ढकलावे. पिशवीला पीळ पडलेला नाही आणि बाहेरील कडे बाहेरच आहे, याची खात्री करावी. स्पंज असलेल्या प्रकाराची रीत थोडी वेगळी असल्याने वेष्टनातील सूचना वाचाव्यात.

समागमाच्या वेळी लिंग पिशवीच्या आत जाईल असे हाताने मार्गदर्शन करावे. ते पिशवीच्या बाजूने गेले किंवा बाहेरचे कडे आत ढकलले गेले, तर संरक्षण राहत नाही. तसे लक्षात येताच थांबून पिशवी नीट करावी. समागमानंतर उभे राहण्यापूर्वी बाहेरच्या कड्याला पीळ द्यावा, म्हणजे वीर्य सांडत नाही. मग हळूच ओढून काढावे. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावे, शौचकुपात टाकू नये. एक स्त्री-निरोध एकदाच वापरावा. पुरुषाचा निरोध त्यासोबत कधीही वापरू नये, कारण घर्षणाने दोन्ही सरकण्याचा वा फाटण्याचा संभव असतो.

लाभ आणि मर्यादा

हे साधन समागमापूर्वी आठ तासांपर्यंत बसवून ठेवता येते, त्यामुळे ऐनवेळी पतीची मनधरणी करावी लागत नाही. त्यात संप्रेरके नसल्याने मासिक पाळीवर किंवा अंगावरच्या दुधावर परिणाम होत नाही. वापर थांबविताच गर्भधारणा शक्य होते. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. शिवाय योग्य वापर केल्यास एचआयव्हीसह अनेक लैंगिक संसर्गांपासून स्त्री व पुरुष दोघांनाही संरक्षण मिळते. गोळ्या, तांबी किंवा शस्त्रक्रिया यांपैकी कशातूनही हे संरक्षण मिळत नाही. रबराची ॲलर्जी असलेल्यांनी नायट्राइलचा प्रकार निवडावा. रबराच्या प्रकारासोबत खोबरेल किंवा अन्य कोणतेही तेल वापरू नये, कारण तेलाने रबर कमकुवत होते.

आता मर्यादाही स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. प्रत्येक वेळी अचूक वापर केला, तर वर्षभरात १०० पैकी सुमारे ५ स्त्रियांना गर्भ राहतो. प्रत्यक्ष व्यवहारात चुका व खाडे होतात, तेव्हा हेच प्रमाण सुमारे २१ होते. पुरुषाच्या निरोधाच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे २ व १३ आहेत, तांबीच्या बाबतीत एकापेक्षाही कमी, तर कोणतेच साधन न वापरल्यास सुमारे ८५. म्हणून हृदयविकारासारख्या कारणाने गर्भधारणा जिवावर बेतू शकते, अशा स्त्रीने केवळ या साधनावर विसंबू नये. साधन सरकले वा फाटले, तर ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, तातडीची गर्भनिरोधक गोळी घ्यावी.

हे साधन स्त्रीच्या हाती असले, तरी ते लपून राहत नाही. बाहेरील कडे पतीला दिसते व जाणवते. त्यामुळे त्याचा पुढाकार लागत नसला, तरी त्याची संमती लागतेच. किंमतही पुरुषाच्या निरोधापेक्षा पुष्कळ अधिक आहे आणि प्रत्येक दुकानात ते मिळत नाही.

समुपदेशनाचे महत्त्व

५ आणि २१ या दोन आकड्यांतील अंतर हाच या लेखाचा सारांश आहे. साधन तेच, स्त्रीही तीच, फरक पडतो तो वापरातील सफाईचा आणि सातत्याचा. ही सफाई वेष्टनावरील चित्रे पाहून क्वचितच येते. प्रथम बसविताना बहुतेकींना ते निसरडे व अवघड वाटते. प्रतिकृतीवर एकदा दाखविले आणि समागमाच्या प्रसंगाव्यतिरिक्त दोन-तीन वेळा सराव केला की हात बसतो. पहिल्याच अनुभवावरून साधन टाकून देणाऱ्या अनेक जणी अशा मार्गदर्शनाने ते वापरू शकतील.

त्यासाठी महागडी यंत्रसामग्री नको. हवी एक बंद दाराची खोली, एक प्रतिकृती, प्रशिक्षित परिचारिका आणि घाई नसलेली वीस मिनिटे. अहवालात खाटांची व शस्त्रक्रियांची संख्या मांडता येते, या वीस मिनिटांची मांडता येत नाही. तरीही टळलेला गर्भपात आणि बाळंतिणीला मिळालेली दोन वर्षांची उसंत यांची नोंद त्या कुटुंबाच्या आयुष्यात होतच असते. आपले साहाय्य अशा न दिसणाऱ्या सेवेलाही पोहोचावे, अशी विश्वस्त व देणगीदारांना नम्र विनंती आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांना, विशेषतः पतींना आणि सासूबाईंना, एवढेच सांगणे आहे : बाळंतपणानंतरच्या तपासणीस येताना सुनेसोबत मुलालाही पाठवावे. कोणते साधन निवडायचे, हा निर्णय त्या दोघांचा आहे. परंतु तो संकोचापोटी किंवा अज्ञानापोटी घेतला जाऊ नये, यासाठी सर्व साधनांची निःपक्षपाती माहिती देणे, हे कोणत्याही धर्मादाय रुग्णालयाचे कर्तव्यच होय.