डॉल्फिन दर्शन : पर्यटकाची अपेक्षा आणि शाश्वततेचा प्रश्न

डॉल्फिन पाहण्यासाठी येणारा पर्यटक बहुधा किनाऱ्यावर राहणारा नसतो. समुद्रापासून दूर असलेल्या बेंगळुरूतून किंवा पुण्यातून तो दोन-तीन दिवसांच्या सुटीत गोव्याला, मालवण-तारकर्लीला येतो. हाताशी वेळ थोडा. त्यामुळे डॉल्फिन पहिल्याच फेरीत आणि अगदी जवळून दिसावा, अशी त्याची अपेक्षा असते. ‘डॉल्फिन दिसला नाही, तर पैसे नकोत’ ही गोव्यातील बोटवाल्यांची हमी याच अपेक्षेला दिलेले उत्तर आहे. एकदा अशी हमी दिली की कळप शोधून त्याच्याजवळ बोट नेणे चालकाला भागच पडते.

या किनाऱ्यालगत प्रामुख्याने आढळणाऱ्या हंपबॅक डॉल्फिनला २०१४ मध्ये स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला. आययूसीएनच्या सूचीत ती ‘संकटग्रस्त’ आहे. खाड्यांच्या मुखाशी, उथळ पाण्यात तिचा वावर असल्याने लहान होडीही तिला सहज गाठते. फुप्फुसांनी श्वसन करणाऱ्या या प्राण्याला वारंवार पृष्ठभागावर यावेच लागते; गढूळ पाण्यात भक्ष्य शोधताना तो प्रतिध्वनीवर विसंबतो. इंजिनांच्या घरघरीत या दोन्ही क्रियांत व्यत्यय येतो. मादीला एका वेळी एकच पिलू होते, त्यामुळे झालेली घट लवकर भरून निघत नाही. ऑस्ट्रेलियातील शार्क उपसागरात पर्यटन-बोटींचे चालक एकाचे दोन झाल्यावर त्या भागातील बॉटलनोज डॉल्फिनची संख्या सुमारे १५ टक्क्यांनी घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तेथील शासनाने नंतर परवाने दोनवरून एकावर आणले.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या डॉल्फिनचा समावेश आहे. अधिनियमातील ‘शिकार’ या संज्ञेत केवळ ठार मारणे नव्हे, तर पकडणे, हुसकणे आणि आमिष दाखवणेही येते. पण छायाचित्रासाठी ‘अजून जवळ घ्या’ म्हणणाऱ्या प्रवाशाला आपला या शब्दाशी काही संबंध असू शकतो, असे वाटतही नाही. बंदिस्त डॉल्फिन-प्रदर्शनांचा प्रश्न केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये मनाई करून सोडवला. खुल्या समुद्रात मात्र प्रत्येक बोटीमागे पहारा ठेवता येत नाही.

जवळीक नसेल तर पर्यटक नाराज होईल, हे गृहीतक तरी कितपत खरे? ऑस्ट्रेलियातील मोरेटन उपसागरात देवमासे पाहण्यास गेलेल्या पर्यटकांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे समाधान प्राण्यापासूनच्या अंतरापेक्षा प्राण्यांची संख्या व वर्तन, बोटीवरील गर्दी, सफरीचा कालावधी, एवढेच नव्हे तर बोट लागणे अशा गोष्टींवर अधिक अवलंबून असल्याचे त्यात दिसले. यांपैकी गर्दी आणि कालावधी या दोन बाबी तरी बोटवाल्याच्या हातात असतात.