रिमोट अण्णांच्या हातात!

पुण्यात सिनेमा बघायचा म्हणजे ऑनलाइन सीट, टबभर पॉपकॉर्न आणि बाहेर पडताना 'ओके होता यार' एवढंच परीक्षण. खरं परीक्षण ऐकायचंय? मग दिवाळीत आमच्या तुळजापूरच्या घरी या!

दिवाळीतच का? कारण नवरात्रात आमच्याकडे टीव्हीला कुणी हातसुद्धा लावत नाही. अण्णांचं कुंकू, परड्या आणि कवड्यांच्या माळांचं दुकान, त्यात घरभर पाहुणे. कोजागिरीला सोलापूरकडून चालत येणारी गर्दी ओसरली की कुठे गाव जरा टेकतं. मग दिवाळीत, फराळाच्या ताटासकट, आमचं फिल्म फेस्टिव्हल सुरू. ज्युरी : आजी, आई, अण्णा, बारावीतला भाऊ आणि मी. रिमोट अर्थातच अण्णांकडे.

पहिली रात्र : अशी ही बनवाबनवी

सचिन पिळगांवकरांचा हा सिनेमा 1988 चा. म्हणजे माझ्यापेक्षाही मोठा! धनंजय माने पडद्यावर यायच्या आधीच आमच्याकडे हसू फुटलेलं असतं. मूळ कल्पना 1966 च्या हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची, हे भावाला सांगितलं तर म्हणाला, "मग काय झालं? आपलाच भारीये."

पण यंदा मला वेगळंच जाणवलं. पुण्यात खोली मिळावी म्हणून चौघांना एवढी सोंगं करावी लागतात, हा विनोद मी जगलेय. नोकरी कुठे, एकटीच राहणार का, रात्री किती वाजता येणार... आणि सगळ्यात शेवटी, सहज विचारल्यासारखं, 'आडनाव काय म्हणालात?' मी हे बोलून दाखवलं तर आईचं हसू थांबलं. "हे आधी का नाही सांगितलंस?" आता काय सांगणार! फोनवर आपण फक्त 'जेवले' एवढंच सांगतो ना?

दुसरी रात्र : जोगवा

राजीव पाटील यांचा 2009 चा सिनेमा. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेला. उपेंद्र लिमयेला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि अजय-अतुलला संगीतासाठी. आम्हाला धाकधूक होती ती आजीची. लहानपणापासून तिनं दारात परडी घेऊन आलेल्या प्रत्येक आराधीणबाईला पीठ-मीठ वाढलंय. देवाधर्माच्या नावाखाली चाललेल्या जुलुमाची गोष्ट तिला कशी पचणार?

आजीनं आधीच जाहीर केलं, "ही यल्लम्माची गोष्ट हाय, आपल्या आईची न्हाई." मग शेवटपर्यंत गप्प. मधे एका नाजूक प्रसंगाला आईला अचानक शेंगा भाजायच्या आठवल्या आणि अण्णांनी बातम्या लावल्या. (तुमच्याकडेही हेच होतं ना? खरं सांगा!) "लाव की पुन्हा माघारी," हे म्हणाली ती आजीच! सिनेमा संपल्यावर म्हणाली, "त्या लेकराला कुणी इचारलं हुतं का, तुला देवाला सोडू का म्हणून?" माझ्या मते मुक्ता बर्वेचं काम त्यात सगळ्यात भारी. पण आजीच्या त्या एका वाक्यापुढे माझं मत पारच फिकं.

तिसरी रात्र : सैराट

29 एप्रिल 2016 ला आलेला हा सिनेमा अण्णांनी पाहिलाच नव्हता. गाणी मात्र प्रत्येक वरातीत ऐकलेली. मी पुण्यात थिएटरला पाहिला होता, त्यामुळे शेवट मला माहीत होता. आणि आणखी एक गोष्ट फक्त मलाच माहीत होती. पुण्यात माझा एक 'मित्र' आहे. त्याचं आडनाव आमच्यातलं नाही. घरी अजून सांगितलेलं नाही.

मध्यंतरापर्यंत अण्णा खूश. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातले, म्हणजे आमच्या जिल्ह्याला खेटूनच. "बघ, आपल्यासारखं बोलत्यात," असं दर पाच मिनिटांनी. आर्चीनं ट्रॅक्टर चालवला तेव्हा तर टाळीच. हैदराबादला गेल्यावर भाऊ कंटाळला. मला तोच भाग जास्त आवडतो. प्रेमाचं रूपांतर खोली, पगार आणि भांडणात होतं, तिथे सिनेमा खरा वाटतो. आईला तिथली दोघांना आसरा देणारी शेजारीण फार आवडली.

आणि मग शेवट. संगीत नाही, आवाज नाही. फक्त ते लेकरू आणि त्याची पावलं. मी पडद्याकडे बघतच नव्हते, अण्णांकडे बघत होते. त्यांनी टीव्ही बंद केला, रिमोट टीपॉयवर ठेवला आणि झोपायला गेले. परीक्षण नाहीच! रात्रभर मला झोप नाही.

सकाळी चहाला अण्णा स्वतःहूनच बोलले, "त्या पोरीनं फोन आईला केला. बापाला करायला पाहिजे हुता."

आई म्हणाली, "त्यानं उचलला असता का?"

अण्णांनी बशीतला चहा संपवला. "त्याचं माहीत न्हाई. मी उचलला असता."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दुकानाची किल्ली घेतली आणि निघाले.

एकट्यानं मोबाइलवर सिनेमा बघणं सोयीचं असतं, कबूल. मधे कुणाला शेंगा आठवत नाहीत. पण आपल्या घरात समोरासमोर न बोलता येणारं बरंच काही असतं, आणि ते सिनेमातल्या माणसांच्या नावावर बोलता येतं. तेव्हा पुढच्या सुट्टीत घरी गेलात की हेडफोन बॅगेतच राहू द्या.

मी पुण्याला परत आलेय. तो फोन अजून केलेला नाही. पण तो आईला करायचा नाही, एवढं ठरलंय.